टाकीत सोलकढी: पॉवर स्टिअरिंगचा पंप घरी बदलला त्याची गोष्ट

गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, कारण नाव सांगितलं की निम्मे लोक म्हणणार त्या गाडीचं असंच असतं आणि उरलेले म्हणणार विकून टाक. 2003 ची डिझेल, सात सीटर, एमएच 12, बाबांनी रिटायर व्हायच्या आधी घेतलेली. 2018 ला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, 2023 ला परत तेच केलं, त्यामुळे आता 2028 पर्यंत कागद ओके आहेत आणि तोपर्यंत गाडी घरातून हलणार नाही असं बाबांनी जाहीर करून टाकलंय. विषय संपला.

तर झालं असं की गेल्या डिसेंबरात सकाळी गाडी चालू केली की पुढून आवाज यायला लागला, घुंऽऽऽ असा, आणि स्टिअरिंग वळवलं की तो चढायचा, म्हणजे धनकवडीत आमच्या गल्लीतून बाहेर पडताना जी दोन काटकोनी वळणं आहेत तिथे अख्ख्या गल्लीला कळायचं की आम्ही निघालो. थंडीत जास्त, गाडी गरम झाली की थोडा कमी. तेल थंड असलं की घट्ट असतं, पंपाला ओढायला जड जातं, म्हणून सकाळी जास्त हे तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं. सुरुवातीला मी स्टिअरिंगच्या तेलाची टाकी उघडून बघितली तर लेव्हल खालच्या रेघेच्याही खाली, म्हटलं चला सापडलं, तेल भरलं, आठ दिवस आवाज कमी. मग परत. असं जानेवारीभर चाललं, दर दोन आठवड्यांनी कपभर तेल. ते जात कुठे होतं ते सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्याआधी शोधलं, कारण पार्किंगमध्ये फरशीवर काळपट लाल ठिपके पडायला लागले आणि नोटीस बोर्डावर "ज्यांच्या गाड्या तेल सांडतात त्यांनी" अशी सुरुवात असलेला कागद लागला. नाव नव्हतं. पण अख्ख्या पार्किंगमध्ये लाल तेल सांडणारी गाडी एकच.

खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवला तर डाग बरोबर पंपाच्या पुलीखाली. पुलीच्या मागे शाफ्टचं सील असतं ते गेलेलं, तिथून थेंब थेंब, आणि बेल्टवर पण उडत होतं त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण कापलं की बेल्ट किंचाळायचा. गॅरेजमध्ये नेली. कुठल्या ते जाऊदे. त्याने बॉनेट उघडलं, दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला पंप गेला, रॅकपण (पुढची चाकं वळवणारा दांडा) जाणार, दोन्ही मिळून बघा, नुसत्या पंपाचे लेबर धरून 24 हजार. रॅक का जाणार विचारलं तर म्हणाला पंप गेला की रॅक जातोच. हे म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून गुडघा बदला. मी म्हटलं विचार करून सांगतो, आणि विचार असा केला की आपणच करू.

आता मी काही मेकॅनिक नाही, ऑफिसात एक्सेल भरतो. पण या गाडीचे ब्रेक पॅड, अल्टरनेटरचा बेल्ट, ग्लो प्लग एवढं घरी केलेलं आहे, पाने आहेत, आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका आहेत, पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं टूलरूमला काढलेले, जे कोणी पार्किंगमध्ये पाना हातात घेतला की पाच मिनिटांत चहाचा कप घेऊन खाली येतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आत्ताच्या बहुतेक गाड्यांमध्ये स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते, जुन्यांमध्ये तेलाचा खेळ. इंजिनच्या बेल्टवर एक छोटा पंप फिरतो, त्याच्या आत एक रोटर, रोटरला खाचा, खाचांमध्ये पातळ पत्र्यासारख्या पात्या सरकतात आणि लंबगोल रिंगला घासत फिरतात. टाकीतून तेल ओढायचं, दाबायचं, आणि जाड पाईपमधून स्टिअरिंगच्या रॅककडे ढकलायचं. पूर्ण कापलेलं असताना दाब 70-80 बार, काही गाड्यांत 100 च्या वर जातो, आणि कारच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बार, म्हणजे विचार करा. म्हणूनच स्टिअरिंग टोकाला धरून ठेवू नये म्हणतात, पाच-सात सेकंदाच्या वर तर नाहीच, कारण तेव्हा तेल आतल्या आत व्हॉल्वमधून फिरून तापत बसतं. पंपाला वेगळं वंगण नसतं, जे तेल दाबतो त्यातच तो जगतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि पंप पूर्ण गेला तरी गाडी वळते बरं का, नुसती जड होते. बाबांचं यावर म्हणणं की आम्ही पद्मिनी चालवली तेव्हा कुठे होतं पॉवर स्टिअरिंग, दंडच पॉवर. ठीक आहे बाबा, पण ती पद्मिनी निम्म्या वजनाची होती.

शनिवारी सकाळी सात वाजता सुरू केलं. प्लॅन होता की आधी नवीन पंप आणायचा, मग जुना काढायचा, म्हणजे गाडी अडकणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी नाना पेठेत दोन दुकानांत फोन केले तर दोघंही एकच म्हणाले, सॅम्पल घेऊन या साहेब. मॉडेल सांगितलं, साल सांगितलं, इंजिन सांगितलं, तरी सॅम्पल घेऊन या. मला राग आला होता पण त्यांचंच बरोबर निघालं, कारण याच गाडीला त्या काळात दोन प्रकारचे पंप लागलेत, एकाचा तोटीचा कोन वेगळा, आणि ते फक्त समोरासमोर ठेवल्यावरच कळतं. म्हणजे आधी काढायचा, मग स्कूटरवर न्यायचा, मग आणायचा. शनिवारीच. कारण रविवारी दुकान बंद.

मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक, पुढून जॅक आणि दोन्ही बाजूला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे मी पोराला तीनदा सांगितलं आणि काकांनी मला पाचदा. बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग टाकीतलं तेल मोठ्या सिरिंजने ओढून काढलं, लाल असायला हवं ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट, वास जळका. खरं सांगायचं तर यात गाडीचा दोष काही नाही, मी हे तेल गेल्या अकरा वर्षांत एकदाही बदललेलं नाही, फक्त वरून ओतत आलो. इंजिन ऑइल दर दहा हजारला बदलतो आणि याच्याकडे बघितलंच नाही.

आमच्या गाडीत पंपाच्या बरोबर खाली अल्टरनेटर आहे. पाईप सोडला की सगळं तेल त्याच्यावर. म्हणून बायकोच्या साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिक पिशवी त्याच्यावर घालून दोरीने बांधली. (ती पिशवी "चांगली" होती असं नंतर कळलं.) बेल्ट ढिला केला, तो तेलाने फुगून चिकट झालेला, तो पण बदलायचाच. मग टाकीकडून येणारा जाड रबरी पाईप, त्याची क्लिप पकडीने दाबून सरकवली, पाईप हलेना, पिळला, हलेना, शेवटी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढला. हा पाईप तेव्हा हातात चांगला कडक लागला होता. मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

दाबाचा पाईप बँजो बोल्टने असतो, म्हणजे मधे भोक असलेला बोल्ट आणि दोन्ही बाजूला तांब्याचे वॉशर. तो 22 चा. माझ्याकडे 19 पर्यंत सॉकेट, मग 24. नेहमीचं आहे, जो लागतो तोच सेटमध्ये नसतो. काका वर जाऊन त्यांचा 22 चा रिंग पाना घेऊन आले, जुना, काळा, हातात घेतला की कळतं असा, पण बोल्ट काही हलेना. काकांनी विचारलं नळाचा पाईप आहे का. गच्चीवर जुन्या प्लंबिंगचा दीड फुटी जीआय पाईप पडला होता, तो पान्याच्या दांड्यात घातला, काका म्हणाले झटका देऊ नकोस, हळूहळू वजन टाक, आणि एकदम कट्ट असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा, वाटलं तुटला. तुटला नव्हता, सुटला होता. तेल पिशवीवर, हातावर, बाहीत, काखेपर्यंत. खाली परात ठेवली होती तरी चार थेंब फरशीवर गेलेच आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी मॉर्निंग वॉकवरून आले. कुंडीतली माती टाकली लगेच त्याच्यावर. ते काही बोलले नाहीत, नुसते मातीकडे बघून गेले, आणि ते जास्त लागलं.

पंपाचे तीन बोल्ट, दोन दिसतात, तिसरा दिसत नाही, तो हाताने चाचपून. तिसऱ्यालाच पाऊण तास गेला. यावर जास्त लिहीत नाही.

साडेअकराला पंप हातात. वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत, सातारा रोडने स्वारगेट, सेव्हन लव्हज चौक, नेहरू रोडने सरळ क्वार्टर गेटच्या अलीकडे. नाना पेठ ज्यांनी बघितली नाही त्यांना काय सांगू, गल्लीच्या गल्ली नुसते स्पेअर पार्ट, एका दुकानात फक्त सीटकव्हर, शेजारी फक्त गॅस्केट, त्याच्या शेजारी फक्त बेअरिंग, आणि गाडी लावायला जागा शून्य. दुकानदाराने पंप कागदातून काढला, अंगठ्याने शाफ्ट फिरवला, वर-खाली हलवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, याला फिरण्यात काही नाही. सील गेलंय. सील किट टाका, साडेतीनशे रुपये." मी म्हटलं आवाज येतो. तो म्हणाला "आवाज यातूनच येतो कशावरून?" आणि मी, जो सकाळी सात वाजल्यापासून तेलात आंघोळ करतोय, ज्याला पंप बदलायचा होता, मी म्हणालो नाही, पंपच द्या.

कंपनीचा नवीन 17,500. तो मागवावा लागेल, चार दिवस. रिकंडिशन्ड, म्हणजे जुनाच उघडून दुरुस्त केलेला, 6,800, सहा महिने गॅरंटी, जुना दिला तर 800 कमी. बाबांना फोन केला तर म्हणाले जुना द्यायचा नाही. का ते सांगितलं नाही. नाही म्हणजे नाही. रिकंडिशन्ड घेतला, तोट्या मिळवून बघितल्या, तांब्याचे नवे वॉशर, नवा बेल्ट, 22 चा सॉकेट (आता घेतलाच), आणि दोन लिटर एटीएफ, म्हणजे मूळचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. तेलाचं जरा सांगतो. टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जे लिहिलं असेल तेच घालायचं, आमच्यात डेक्स्रॉन ग्रेडचं लाल एटीएफ चालतं, काही गाड्यांना वेगळं हिरवं किंवा पिवळसर लागतं, रंग बघून अंदाज करू नका. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही. आमच्या एका नातेवाइकांच्या ड्रायव्हरने अडीअडचणीला म्हणून ब्रेक ऑइल ओतलं होतं, दोन्ही "ऑइल"च ना, पण ब्रेकवालं ग्लायकॉलचं असतं, त्याने या सिस्टिमची रबरं फुगतात आणि मऊ पडतात, महिन्याभरात रॅकपासून सगळीकडून गळायला लागलं त्यांचं.

दुपारी जेवून परत खाली. नवीन पंपाला पुली येत नाही, जुन्याची काढून लावायची. काही गाड्यांत ती दाबून बसवलेली असते, तिथे वेगळा पुलर लागतो, हातोडी मारलीत तर पंप आतून गेलाच समजा. आमच्यात नशिबाने नट आणि चावी. चावी म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारा अर्ध्या चंद्रासारखा लोखंडाचा तुकडा, नखाएवढा, त्याने पुली शाफ्टवर घसरत नाही. पुली काढली आणि चावी उडाली. टिंग असा एक आवाज आला आणि गायब. मी, पोरगा, काका, वॉचमन, चौघं मोबाईलच्या टॉर्चने अख्खं पार्किंग चाळतोय, दोन स्कूटर हलवल्या, गटाराच्या जाळीत बघितलं, पाऊण तास. शेवटी काका कंटाळून वर चहाला निघाले तेव्हा जिन्यात त्यांच्या चपलेतून टकटक आवाज यायला लागला. सोलमध्ये रुतली होती.

पंप बसवणं हे काढण्याच्या मानाने काहीच नाही, अर्धा तास. लावायच्या आधी नवीन पंपात थोडं तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवून घेतला म्हणजे पहिल्या सेकंदाला कोरडा फिरणार नाही. बेल्टचा ताण अंगठ्याने, मधोमध दाबला की साधारण 10 मिलीमीटर दबला पाहिजे. तेलाचा परत येणारा पाईप टाकीवरून काढून बाटलीत सोडला, टाकीच्या तोटीला बूच मारलं, आणि पोराला सीटवर बसवून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवायला लावलं, वरून मी नवीन तेल ओततोय, बाटलीत काळं येतंय. लाल यायला लागल्यावर थांबलो. हे केलं नाही तर जुन्या तेलातली घाण नवीन पंपात जाते. अकरा वर्षांनी अक्कल आली ती अशी. ते काळं तेल गटारात ओतू नका, मी कोपऱ्यावरच्या टू-व्हीलर गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात दिलं, तो तसंही विकतोच.

संध्याकाळचे सहा वाजलेले, सगळे दमलेले, मी पाईप लावला, टाकी भरली, बॅटरी जोडली आणि चावी मारली.

इथे चुकलो. एकदम चालू करायची नसते. टाकीत बघतो तर गुलाबी फेस, वर येतोय, सोलकढी अक्षरशः, तोच रंग, तोच दाटपणा, आणि आवाज आधीपेक्षा मोठा. बंद केली. काका म्हणाले हवा आहे, राहू दे रात्रभर, बुडबुडे वर येतील. मी झोपताना विचार करत होतो की दुकानदाराने मला खराब पंप दिला. त्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो.

रविवारी नीट केलं. पुढची दोन्ही चाकं हवेत, इंजिन बंद, स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीस वेळा, टाकी उघडी, लेव्हल खाली गेली की भरायची, टोकाला दाबून धरायचं नाही. पहिल्या पाच-सहा वेळी बुडबुडे, मग बंद. एकदम क्लियर लाल तेल. वाटलं झालं. इंजिन चालू केलं, दहा सेकंद शांतता, मग घुंऽऽऽ. टाकीत परत सोलकढी. बंद करून अर्धा तास थांबलो, फेस बसला, परत वीस वेळा फिरवलं, चालू, दहा सेकंद, सोलकढी. तिसऱ्यांदाही तेच.

मी परात लाथाडली. हो, लाथाडली. बायकोने गॅलरीतून विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

काकांनी मग जे विचारलं ते मी आधी विचारायला हवं होतं. इंजिन बंद असताना बुडबुडे नाहीत, चालू केलं की येतात, मग हवा येते कुठून? गळत तर कुठूनच नाही, सगळे जोड कोरडे. तेव्हा डोक्यात शिरलं की दाबाच्या बाजूला फट असेल तर तेल बाहेर येईल, पण टाकीपासून पंपापर्यंतचा जो पाईप आहे तिथे पंप ओढतोय, तिथे फट असेल तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. तो कडक पाईप. जो मी शनिवारी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढला होता आणि तसाच परत घातला होता, जुन्या क्लिपसकट.

काकांनी बोटावर ग्रीस घेतलं आणि त्या पाईपच्या पंपाकडच्या जोडाला भोवताली जाड थापलं. म्हणाले आता चालू कर. चालू केली. पंधरा सेकंद, वीस, पंचवीस, आवाज नाही. मग हळूच ग्रीसमध्ये एक छोटं भोक पडलेलं दिसलं, आत ओढल्यासारखं, आणि घुंऽऽऽ सुरू. लगेच बंद केली, कारण फेसाळलेल्या तेलात पंपाला वंगण मिळत नाही (म्हटलं होतं ना लक्षात ठेवा), नवा पंप दोन दिवसांत मारायचा नव्हता. पाईप काढून बघितला तर तोंडापाशी आतून बारीक उभी चीर, आणि एरवी वाकवला तर वाकेना, बावीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजलेलं रबर, त्याची पकडच गेलेली. चीर किती जुनी, माझ्या स्क्रू ड्रायव्हरची की आधीची? पोरगा म्हणाला, "आवाज तर डिसेंबरपासून येतोय." अकरा वर्षांचा आहे.

सोमवारी ऑफिस. सुटल्यावर तसाच नाना पेठेत, त्याच दुकानात. तुकडा दाखवला, त्याने पाईपच्या तोंडात बोट घालून बघितलं, "पाच सुताचा", आणि रीळ ओढून मीटरच्या पट्टीवर कापून दिला. तेलाला चालणारा पाईप मागा, पाण्याचा किंवा नुसता रबरी घेतलात तर महिन्याभरात आतून सोलपटतो. 160 रुपये. दोन स्क्रूवाल्या क्लिपा 60. तो काही बोलला नाही, पैसे घेताना फक्त विचारलं, "पंप बरा चाललाय ना?" मी हो म्हटलं.

घरी येऊन कपडे न बदलता पार्किंगमध्ये दहा मिनिटांत पाईप बदलला. वीस वेळा फिरवलं. चालू केली. शांत. इतकी शांत की काकांना वाटलं बंद पडली. टाकीत लाल आरसा.

मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर बाबा म्हणाले घाटात नेऊन बघू. ते स्वतः चालवायला बसले, मी शेजारी. कात्रजचा जुना घाट, रात्री ट्रक बायपासने जातात त्यामुळे रस्ता मोकळा, आणि वळणं अशी एकामागून एक की स्टिअरिंगची परीक्षाच. जुन्या बोगद्यापर्यंत गेलो, अलीकडेच वळवून परत आलो, बॉनेट उघडून टॉर्च मारला, टाकी कोरडी बाहेरून, पंपाखाली हात फिरवला, कोरडा. बाबा एका हाताने फिरवून दाखवत होते, मग म्हणाले जरा जास्तच हलकं झालंय. त्यांना तक्रार केल्याशिवाय समाधान नसतं.

हिशोब ज्यांना हवाय त्यांच्यासाठी: पंप 6,800, तेल 900, बेल्ट 450, सॉकेट 280, पाईप 160, क्लिपा 60, वॉशर 40. एकूण 8,690. गॅरेजचे 24 हजार होते. पण मी इथे शहाणपणा सांगत नाहीये कारण खरा हिशोब असा की पाईप, क्लिपा, तेल, बेल्ट, वॉशर आणि साडेतीनशेचं सील, म्हणजे दोन हजारांच्या आत काम होतं. दुकानदाराने तोंडावर सांगितलं होतं.

त्याची खात्री पुढच्या रविवारी झाली. बाबांनी जुना पंप द्यायचा नाही असं का म्हटलं होतं ते तेव्हा कळलं, त्यांना तो उघडून बघायचा होता. काका, बाबा आणि मी, टेरेसवर, जुन्या चादरीवर. मागची सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढली, झाकण निघालं, रोटर, आणि त्यात दहा पात्या, एक एक खाचेतून सुळकन सरकतायत, कुठेही अडकत नाहीत. रिंगवर बारीक रेघा दिसत होत्या पण काकांनी नख फिरवलं तर नख कुठे अडकलं नाही. शाफ्टचं सील मात्र काचेच्या बांगडीसारखं कडक, काढताना दोन तुकडे झाले. म्हणजे पंप चांगला होता. गळत होता पण चांगला होता, आणि आवाज त्याचा नव्हताच. मी एवढंच म्हटलं की रिकंडिशन्डला गॅरंटी तरी आहे. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

सील किट आणलं, 350, काकांनी तेल लावून पाना-सॉकेट उलटा धरून हलक्या ठोक्यांनी सील बसवलं, पात्या गोल बाजू बाहेर ठेवून परत घातल्या, आणि पंप जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून माळ्यावर गेला. तीच साडीच्या दुकानाची पिशवी. बाबांनी त्याच्यावर कागद चिकटवलाय, तारीख घालून, ठळक मार्करने: "स्टिअरिंग पंप. चालू स्थितीत आहे. भंगारात देऊ नये."